काळ्या रंगाची समजूत

काळ्या गाडीचं खरं रूप मालकाला दिसतं ते रात्री, पेट्रोल पंपावर. छताच्या एलईडीचा पांढरा झोत बोनेटवर पडतो आणि दिवसा झकास वाटणारी गाडी एकदम थकलेली दिसू लागते. दिव्याच्या प्रत्येक प्रतिबिंबाभोवती चंदेरी, बारीक, गोल रेघांचं जाळं असतं, माळ्यावरच्या कोळिष्टकासारखं. मालक बोट फिरवून पाहतो. बोटाला काहीच लागत नाही. तो फडकं काढून पुसतो, आणि जाळ्यात आणखी चार रेघांची भर पडते.

गाडीचा रंग घासून-पुसून नव्यासारखा करण्याच्या, म्हणजे डिटेलिंगच्या धंद्यात या जाळ्याला ‘स्वर्ल’ म्हणतात. रेघा गोल दिसतात, पण बहुतेक ओरखडे गोल नसतातच. ते आडवे, उभे, तिरपे, वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. त्यांतले जे दिव्याच्या किरणाला आडवे येतात तेवढे चमकतात, बाकीचे काळोखात राहतात. चमकणाऱ्यांचे तुकडे जोडून डोळा वर्तुळ तयार करतो. दिवा सरकवला की वर्तुळही त्याच्यामागोमाग सरकतं.

पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे असतात. पण पांढरा रंग आत शिरलेला उजेड चहूकडे उधळून परत पाठवतो आणि त्या उजेडात ओरखड्याची चमक बुडून जाते. काळा रंग आत गेलेलं सगळं गिळतो. परत येतो तो फक्त वरच्या पारदर्शक थराच्या पृष्ठभागावरून उसळलेला प्रकाश, आणि समोरून पाहिलं तर तो जेमतेम ४ टक्के भरतो. एवढ्या गडद पाटीवर केसाहून बारीक रेघही खडूने ओढल्यासारखी उठून दिसते.

हे ओरखडे सहसा कुणी द्वेषाने काढलेले नसतात. बहुतेक वेळा ते गाडीची काळजी घेणाऱ्या हाताचेच असतात. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये सकाळी गाड्या पुसणारा माणूस एक बादली आणि एक फडकं घेऊन ओळीतल्या सगळ्या गाड्या उरकतो. पहिल्या गाडीची माती दुसऱ्या गाडीवर जाते, दुसरीची तिसरीवर. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला पाणी मोजून मिळतं, वेळही मोजून मिळतो, आणि गाडी रोज पुसलेली दिसावी ही मागणी मालकाचीच असते. खरा गुन्हेगार फडक्यात अडकलेला कण असतो. दख्खनच्या काळ्या दगडाची भुकटी म्हणजे मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्झिन. खनिजांच्या कठीणपणाच्या मोस मापावर ही दोन्ही साधारण ६ च्या आसपास बसतात. वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर आहे. गाडीचा वरचा थर प्लास्टिकच्या जातीचा, या सगळ्यांच्या कितीतरी खाली. कोरडं फडकं म्हणजे त्या कणांसाठी तयार पॉलिशपेपरच. दसऱ्याला बोनेटवर बांधलेली झेंडूची माळ वाऱ्याने हलते, तिचा धुळीने माखलेला दोरा घासतो आणि पूजेच्या दिवशीच गाडीवर नव्या रेघा उमटतात.

या रेघा काढणं म्हणजे काय, हे समजायला गाडीच्या अंगावरचे थर पाहायला हवेत. पत्र्यावर आधी गंज रोखणारा, विजेच्या साहाय्याने बुडवून चढवलेला साधारण २० मायक्रॉनचा थर असतो. त्यावर प्रायमर, मग १५ मायक्रॉनच्या आसपास खरा रंग, आणि सगळ्यात वर ३५ ते ५० मायक्रॉनचा क्लिअर कोट. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्याच्यावर गाडीची सगळी झळाळी अवलंबून आहे तो थर फार तर अर्ध्या कागदाएवढा. या रंगांचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो. गाड्यांच्या कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या कन्साई नेरोलॅकची सुरुवात १९२० मध्ये मुंबईच्या लोअर परळला ‘गहागन पेंट्स’ या नावाने झाली, आणि आज तिचा एक कारखाना रत्नागिरी जिल्ह्यात लोटे इथे आहे.

पॉलिश केल्याने ओरखडा भरून निघतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. गेलेला थर परत येत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला जपणारी द्रव्यं याच थरात मिसळलेली असतात, त्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांत छप्पर आणि बोनेट पांढुरकं पडतं आणि पापुद्रे सुटू लागतात. चांगला कारागीर म्हणूनच काम सुरू करण्याआधी प्रत्येक पॅनेलवर जाडी मोजण्याचं यंत्र ठेवतो. हे यंत्र पत्र्यापासूनची एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोटची वेगळी सांगत नाही. पण एका दारावर ११० आणि शेजारच्या दारावर २५० आकडा आला, तर ते दार कधीतरी पुन्हा रंगवलं आहे हे कळतं. तिथला रंग वेगळा वागणार, याचीही ती आगाऊ सूचना असते.

सगळ्या गाड्यांचा क्लिअर कोट सारखा कडक नसतो, म्हणून आता मऊ रंगाकडे वळू. मऊ म्हणजे बोटाने दाबला तर खड्डा पडेल असा नव्हे. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. त्या उष्णतेत रेझिनच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून जाळी विणतात. गाठी दाट असतील तर थर कडक होतो, विरळ असतील किंवा मधले धागे लवचीक असतील तर मऊ. मऊ थराचे फायदे खरे आहेत. हायवेवर उडालेल्या खडीचा मार तो चांगला सोसतो आणि सहजासहजी तडकत नाही. अपघातानंतर वर्कशॉपमध्ये रंगवलेलं पॅनेल तर ६० अंशांच्या आसपासच भाजतात, कारण तयार गाडीतलं प्लास्टिक, रबर आणि वायरिंग कारखान्याच्या भट्टीएवढी उष्णता सोसत नाही. तिथे रसायनही वेगळं, हार्डनर मिसळून वापरायचं असतं. ते पुरतं मुरेपर्यंत असा रंग कारखान्याच्या रंगाहून नाजूक राहू शकतो.

जगभरच्या डिटेलरांमध्ये मऊ रंगासाठी ओळखल्या जातात त्या जपानी गाड्या. टोयोटाचा ‘२०२’ हा साधा काळा रंग त्यांच्यात दंतकथेसारखा सांगितला जातो. होंडाचा ‘एनएच-७३१पी’, म्हणजे क्रिस्टल ब्लॅक पर्ल, त्याच पंगतीतला. सुबारूचे काळे रंगही तसेच. मात्र रंगाचा कोड छटा सांगतो, वरचा क्लिअर कोट किती मऊ ते सांगत नाही. एकाच कोडच्या, पण वेगवेगळ्या कारखान्यांतून निघालेल्या दोन गाड्या पॉलिशच्या पॅडखाली अगदी वेगळ्या वागू शकतात. पर्यावरणाच्या नियमांमुळे रंग पाण्यावर आधारित झाले आणि म्हणून मऊ पडले, हे स्पष्टीकरणही नेहमी कानावर येतं. पण बहुतेक कारखान्यांत पाण्यावर आधारित असतो तो खालचा रंगीत थर. वरचा क्लिअर कोट अजूनही बऱ्याच ठिकाणी सॉल्व्हंटचाच असतो. ओरखडे पडतात ते वरच्या थरावर.

मऊपणाचं सोनं करण्याचा प्रयत्नही जपानमध्येच झाला. निस्सानने निप्पॉन पेंटबरोबर तयार केलेला, स्वतःहून ओरखडे बुजवणारा क्लिअर कोट डिसेंबर २००५ मध्ये जाहीर केला. त्यातलं रेझिन इतकं लवचीक होतं की बारीक ओरखडा एक दिवसापासून आठवड्याभरात आपोआप सपाट व्हावा, ओरखड्याची खोली आणि हवेतली उष्णता यांवर तो वेळ ठरावा. जर्मनीत मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस नेमकी उलटी वाट धरली होती. त्यांनी क्लिअर कोटमध्ये सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण घालून थर कडक केला. दोन देश, दोन तऱ्हा, आणि दोन्हींचा शत्रू एकच: धुलाईचा ब्रश.

इथे ‘९एच’ या शब्दाबद्दल सांगणं भाग आहे, कारण त्यापायी बरीच मंडळी फसतात. रंगावर चढवायच्या संरक्षक कोटिंगच्या जाहिरातींत तो मोठ्या अक्षरांत असतो. मोस मापावर हिरा १० वर असल्याने ग्राहकाला वाटतं, आपली गाडी हिऱ्याच्या एकच पायरी खाली पोहोचली. हा ९एच मोसचा नाही, पेन्सिलीचा आहे. रंगाच्या कठीणपणाच्या एका चाचणीत ६बीपासून ९एचपर्यंतच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून, ७५० ग्रॅम भाराने रंगावरून ढकलतात आणि कोणत्या शिशाने ओरखडा उठतो ते पाहतात. सगळ्यात कडक पेन्सिलीपुढे कोटिंग टिकून राहिलं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. वाळूचा कण पेन्सिल नसतो. धुलाईतल्या ओरखड्यांसाठी वेगळी चाचणी आहे. तिच्यात पाण्यात क्वार्ट्झची पूड मिसळून फिरता ब्रश रंगवलेल्या पट्टीवर चालवतात आणि चमक किती उतरली ते मोजतात. ग्राहकाच्या उपयोगाची माहिती ती आहे, पण फलकावर ती क्वचितच दिसते.

कडक रंगावर काम करणारा घाम गाळतो. ओरखडे निघता निघत नाहीत, पण एकदा निघाले की आरसा तयार. मऊ रंगाचं गणित उलटं आहे. पहिल्या दोन हातांतच ओरखडे नाहीसे होतात, नवख्याला वाटतं जिंकलो, आणि दिवा तिरका धरला की सगळ्या पॅनेलवर दुधाळ धुकं पसरलेलं दिसतं. हे धुकं म्हणजे पॅडने आणि पॉलिशने स्वतः पाडलेले हजारो अतिबारीक ओरखडे. धंद्यात त्याला ‘हेझ’ म्हणतात. ते काढायला तो आणखी जोर लावतो आणि धुकं आणखी दाटतं.

शेणाने घर सारवणाऱ्या बाईला हा पेच नवा वाटणार नाही. ओल्या सारवणावर तळहात जरा जोरात पडला तर वळ उठतो, आणि तो पुसायला गेलं की शेजारी दुसरा. म्हणून ती शेवटचा हात हलका मारते आणि मागे सरकत उंबऱ्याबाहेर पडते. मऊ रंगाच्या कारागिराचं सगळं कसब याच शेवटच्या हातात आहे. ओरखडे काढणं सोपं, स्वतःच्या खुणा न ठेवता बाहेर पडणं अवघड.

रस्त्यावरच्या गॅरेजमधली ‘रबिंग-पॉलिश’ नेमकी इथे कमी पडते. एकाच अक्षावर गरगर फिरणारी रोटरी मशीन, लोकरीचा बफ आणि दाणेदार कंपाउंड हे त्रिकूट जोरकस आहे आणि कुशल हातात उपयोगाचंही आहे. पण मऊ काळ्यावर ते बफच्या वाटेने लाटांसारखे पट्टे सोडतं, उन्हात गाडीबरोबर चालत येणारे. यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. वरून तेलकट ग्लेझ चोळलं की पट्टे आणि ओरखडे दोन्ही तात्पुरते भरतात, गाडी चकाचक दिसते, ग्राहक खूश होऊन जातो. दोन-चार धुलाईत तेल उतरतं आणि खालचं सगळं वर येतं. गाडीच्या क्लिअर कोटचा एक हिस्सा मात्र त्या खटाटोपात कायमचा गेलेला असतो. खेद वाटावा तो याच गोष्टीचा.

आज मऊ रंगासाठी पसंत केली जाते ती ड्युअल ॲक्शन, म्हणजे ‘डीए’ मशीन. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी मध्यापासून हटून डोलतंही, त्यामुळे एकाच वाटेवरून पुन्हा पुन्हा घासणं टळतं. १९४७ मध्ये सुरू झालेल्या इटलीच्या रुपेस कंपनीने १५ आणि २१ मिलिमीटरच्या मोठ्या डोलाची यंत्रं आणली आणि ही पद्धत जगभर पसरली. पॉलिश बनवणाऱ्यांचा इतिहास त्याहून जुना आहे. जर्मनीची मेंझेर्ना १८८८ पासूनची. कॅलिफोर्नियातल्या मेग्वायर्सची सुरुवात १९०१ मध्ये लाकडी फर्निचरच्या पॉलिशपासून झाली, आणि तिचं ‘एम२०५’ हे बारीक पॉलिश मऊ रंगावर काम करणाऱ्या कित्येकांच्या कपाटात सापडतं. या पॉलिशांतला कापणारा पदार्थ बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड असतो, माणकाच्याच कुळातला, पण दळून अतिसूक्ष्म केलेला.

आठ-दहा वर्षं रोज फडकं खाल्लेली एक काळी होंडा सिटी डोळ्यांसमोर आणू. तिला आधी भरपूर पाण्याने आणि फेसाने धुतात. हात लावण्याआधी सुटी माती वाहून जायला हवी. मग लोखंडाचे कण विरघळवणारं द्रव्य फवारतात. ब्रेकच्या पॅडमधून उडून रंगात रुतलेले कण त्याच्या स्पर्शाने जांभळे होऊन ओघळतात, आणि हे दृश्य पाहताना मालकाचा चेहरा पडतो. त्यानंतर क्ले बार. ही मळलेल्या कणकेसारखी माती रंगावरून सरकवत रुतलेली घाण ओढून काढतात. तिचं अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये जपानच्या तादाओ कोदाते यांना मिळालं. मऊ रंगावर क्लेसुद्धा ओरखडे पाडते, म्हणून ती सर्वांत नरम घ्यायची, लुब्रिकंट सढळ हाताने ओतायचं आणि हाताचा भार द्यायचाच नाही.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईत सगळ्यात जास्त वगळली जाणारी. बोनेटवर साधारण दीड फुटाचा चौकोन मास्किंग टेपने आखायचा आणि आधी तिथेच प्रयोग करायचा. कडक रंगावर काम करण्याची सवय असलेला हात लगेच जाड कंपाउंड आणि मायक्रोफायबर पॅडकडे जातो. मऊ रंगाची सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. सगळ्यात मऊ फोम, सगळ्यात बारीक पॉलिश. एवढ्याने काम भागलं तर पुढे जायची गरजच नाही, आणि जपानी काळ्यावर पुष्कळदा एवढ्याने भागतं. उरलेले खोल चरे राहू द्यावेत. त्यांच्यामागे लागून अख्ख्या बोनेटचा थर झिजवणं शहाणपणाचं नाही, हे ग्राहकाला आधीच सांगणारा कारागीर विश्वासाचा.

पॅड कोरडं लावायचं नाही. पहिल्यांदा त्याच्या सगळ्या तोंडाला पॉलिशचा पातळ हात द्यायचा, म्हणजे फोमचा एकही कोरडा ठिपका रंगावर घासणार नाही. मग चार छोटे थेंब. मशीनचा वेग मध्यमाहून कमी, आणि मशीनवर आपला भार शून्य. तिचं स्वतःचं वजन पुरतं. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला निम्म्याने झाकत जायची, हात गोगलगायीच्या चालीने सरकवायचा. शेवटच्या एक-दोन फेऱ्यांना मशीन किंचित तोलून धरतात, पॅड रंगाला नुसतं टेकलेलं राहील इतपत. मोठ्या डोलाची मशीन शेवटच्या हाताला बरी की छोट्या डोलाची, यावर कारागिरांमध्ये मतभेद आहेत. उत्तर प्रत्येक गाडीच्या त्या दीड फुटी चौकोनातच मिळतं.

घासून निघालेला मऊ रंग कुठे जातो? पॅडमध्ये. तो चिकट असतो, सुकलेल्या पॉलिशशी मिळून फोमवर त्याच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्याच पुढच्या फुटावर ओरखडे काढत जातात. ‘पॉलिश बिघडलं’ किंवा ‘हा रंगच खराब’ अशी तक्रार ऐकली तर बहुतेक वेळा दोष घाणेरड्या पॅडचा असतो. चौकोन संपला की पॅड ब्रशने झाडायचं, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकायचं, आणि एक-दोन पॅनेलनंतर सरळ बदलायचं. एका गाडीला डझनभर पॅड लागली तर तो उधळेपणा समजू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक अडचण आणखी वाढते. उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा सहज ६० अंशांपुढे जातो. तशा पत्र्यावर पॉलिश काम होण्याआधीच सुकतं आणि तापलेला क्लिअर कोट आणखी नरम पडतो. म्हणून गाडी सावलीत पुरती निवल्याशिवाय मशीनला हात लावत नाहीत.

आणि मग सगळ्यात धोक्याचं काम: पुसणं. मशीनने तासभर राखलेली सफाई एका फडक्याने घालवता येते. काठाला शिवण नसलेलं, लव असलेलं मायक्रोफायबर चौघडी घालून घेतात, म्हणजे उलटसुलट आठ स्वच्छ तोंडं मिळतात, आणि दर वेळी नवं तोंड वापरतात. जमिनीवर पडलेलं फडकं त्या गाडीपुरतं बाद. धुतानाही ही फडकी साध्या सुती कपड्यांबरोबर टाकत नाहीत, आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच, कारण त्याचा थर धाग्यांवर बसून फडकं नुसतं सरकत राहतं, काही टिपत नाही.

काम खरंच झालं की तेलाने नुसतं झाकलं, हे तपासायला पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसायची पद्धत आहे. मऊ रंगावर तिथेही सापळा असतो. अल्कोहोल तेलाबरोबर वंगणही काढून टाकतं, कोरड्या झालेल्या रंगावर फडकं ओढलं जातं आणि तपासणीच ओरखडा पाडते. मग कारागीर त्या ताज्या ओरखड्यालाच पॉलिशची चूक समजून पुन्हा मशीन उचलतो, आणि थर विनाकारण झिजतो. जाणती माणसं म्हणून घसरण टिकवणारं पॅनेल वाइप वापरतात आणि अख्खी गाडी नव्हे, एखादाच कोपरा तपासतात. दिवेही दोन ठेवतात. ठिपक्यासारखा प्रखर दिवा ओरखडे दाखवतो, लांबट आणि सौम्य दिवा धुकं दाखवतो. एकाच दिव्यावर भरवसा ठेवला तर सकाळच्या उन्हात वेगळीच गाडी समोर येते. त्यामुळे शक्य असेल तिथे गाडी रात्रभर ठेवून घेतात आणि सकाळी उन्हात बाहेर काढून पुन्हा पाहतात.

वरून लावलेलं मेण किंवा कोटिंग झळाळी वाढवतं, पाणी घसरवतं, धुणं सोपं करतं. खालच्या मऊ रंगाला ते कडक करत नाही. म्हणूनच गाडी परत देताना मालकाशी होणारं बोलणं कामाइतकंच मोलाचं असतं. बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी काळ्या रंगावर सुकू देऊ नये. पक्ष्याची विष्ठा दिसली तर कोरडी न खरवडता आधी ओला कपडा ठेवून भिजवावी. गाडी धुताना एक बादली साबणाची, दुसरी हातमोजा विसळायची. आणि सोसायटीत गाडी पुसणाऱ्या माणसाला पगार पूर्ण द्यावा, पण बाहेरून रोज फडकं मारू नको, काच तेवढी पूस, असं आपुलकीने सांगावं. धूळ बसलेली दिसली तरी चालेल. नुसती बसलेली धूळ रंगाला ओरखडत नाही.

सगळं झाल्यावरही गाडीवर एक जागा उरते: दोन दारांमधल्या खांबावरची चकचकीत काळ्या प्लास्टिकची पट्टी. कित्येक गाड्यांवर ती क्लिअर कोटहूनही मऊ असते, आणि दार उघडताना हात तिलाच लागतो, त्यामुळे तिची दशा सर्वांत वाईट. अनेक वर्कशॉप तिला हातच लावत नाहीत. जे लावतात, ते मशीन बाजूला ठेवून बोटभर फोमने, पॉलिशच्या एका टिपक्यावर, खालून वर सरळ रेषेत काम करतात. मग उकिडवं बसून दिवा धरतात, पुन्हा एकदा, आणखी हलक्या हाताने. शेवटी तिच्यावर उरलेली पांढरी भुकटी फडक्याने पुसत नाहीत. ब्लोअरच्या हवेने ती उडवतात आणि दार काचेला धरून अलगद लावून घेतात.